खानापूरचे गुरुजी, निपाणीचे मामा: यकृत प्रत्यारोपणातल्या सोबतीचं एक प्रकरण

हे प्रकरण खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांचं आहे. गावात त्यांना गुरुजी म्हणतात, इथेही तेच म्हणू. सगळ्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. मी बेळगावात वैद्यकीय समाजसेवेचं काम करते. यकृत प्रत्यारोपण होऊन गेलेला माणूस आणि त्याची वाट बघणारा माणूस यांची गाठ घालून देणं हा त्या कामाचा एक छोटा भाग. गुरुजींच्या बाबतीत ही गाठ पहिल्यांदा बसलीच नाही, दुसऱ्यांदा बसली, आणि मधे एकदा सुटता सुटता राहिली.

आजार आणि गाव

गुरुजी ५२ वर्षांचे, माळकरी. मधुमेह जुना, पोट थोडं सुटलेलं. कधीतरी केलेल्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असं आलं होतं, तिकडे कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. पुढे पाय सुजायला लागले, पोटात पाणी झालं, आणि एका पहाटे रक्ताची उलटी झाली. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवर दुर्बिणीतून बँड बसवले तेव्हा ते वाचले. निदान झालं सिरोसिसचं: यकृत आकसून, गाठाळ होऊन बसलं होतं.

आजाराइतकाच त्रास गावाच्या बोलण्याने दिला. आपल्याकडे लिव्हर खराब झालं म्हणजे माणूस पीत असणार, हे ठरलेलं. चरबी साठून, मधुमेहामुळे, हिपॅटायटिस ‘बी’ किंवा ‘सी’मुळेही सिरोसिस होतो हे कुणाच्या गावी नसतं. “मास्तर चोरून घेत असणार” असं किराणा दुकानात कुणीतरी म्हणालं, ते फिरत फिरत घरी आलं. वहिनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, मला म्हणाल्या, “गळ्यात माळ हाय म्हणून गप्प बसले, नाहीतर जाऊन भांडले असते.” गुरुजींनी मग शाळेतून थेट घरी यायचा रस्ता धरला. एकादशीच्या भजनालाही जाईनासे झाले.

डॉक्टरांनी मेल्ड स्कोअर काढला तो १९ आला. बिलीरुबिन, क्रिएटिनीन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर यांच्यावरून हा आकडा काढतात (हल्ली सोडियमही धरतात). तो ६ ते ४० मधे असतो आणि जितका जास्त तितका धोका जवळ. घरातल्या कुणी यकृताचा भाग द्यावा, हा पहिला विचार. वहिनींचा रक्तगट जुळेना. भावाची तपासणी केली तर त्याच्याच यकृतात चरबी निघाली. मुलगा तयार होता, पण १७ वर्षांचा, आणि अठराच्या आतल्या जिवंत दात्याचा अवयव कायद्याने घेता येत नाही. राहिला एकच मार्ग, मेंदूमृत दात्याचं यकृत मिळण्याची यादी.

पहिली जोडी

सुरुवातीच्या तपासण्या बेंगळुरूच्या एका रुग्णालयात झाल्या. तिथे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची ऑनलाइन बैठक व्हायची, त्यात गुरुजींना बसवलं. भाषेची अडचण नव्हती. सरकारी शिक्षक, कन्नड उत्तम. पण समोर बोलणारे गृहस्थ प्रत्यारोपणाला दहा वर्षं झालेले, सॉफ्टवेअर कंपनीतले, धावण्याच्या शर्यतीची पदकं दाखवणारे. माणूस भला होता, मनापासून बोलत होता. गुरुजींनी कॅमेरा बंद केला तो पुन्हा लावला नाही. नंतर म्हणाले, “त्यांच्याकडं बघितल्यावर वाटलं, माझा आजार दुसराच कुठला तरी असणार.”

हे मी इतर प्रकरणांतही बघितलं आहे. यशाची कहाणी फार लवकर ऐकवली की ती ऐकणाऱ्याच्या अंगावर येते. ज्याला रात्री झोप नाही, पायात मोजे चढत नाहीत, त्याला पदकाचा काय उपयोग? त्याला असा माणूस हवा असतो, ज्याच्या खिशात अजून गोळ्यांची डबी आहे आणि जो पोटावरचा व्रण दाखवताना अजून थोडा कचरतो.

तसे एक मला माहीत होते. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, प्रत्यारोपणाला तीन वर्षं झालेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. अडचण अशी की मामांचं लिव्हर दारूनेच गेलं होतं. ते स्वतः लपवत नाहीत. दारू सोडली, सुटली हे डॉक्टरांना पटेपर्यंत काही महिने थांबले, आणि मग मामींच्या यकृताचा उजवा भाग त्यांना बसवला.

गुरुजींना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाई, जे गाव बोलतंय तेच तुम्ही पण धरून चालला की.” दोन माणसांच्या आजाराचं कारण सारखं असावं, असं या कामात साधारण मानलं जातं आणि ते बरोबरही आहे. तरी मी मामांचाच आग्रह धरला, कारण बाकी सगळं जुळत होतं: वय, भाषा, अंतर, घरातली परिस्थिती. शिवाय माझा एक अंदाज होता. चार लोकांत मान खाली घालावी लागणं काय असतं, हे मामांइतकं कुणाला कळणार?

भेट निपाणीला, मामांच्या घरी झाली. गुरुजी खुर्चीच्या टोकावर बसलेले. मामांनी धीर दिला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. पहिलाच प्रश्न:

“ते गोड औषध चालू हाय न्हवं? मग दिसातनं किती डाव जातासा?”

लॅक्टुलोजचं सिरप घेणाऱ्याला दिवसातून दोन-तीन वेळा पातळसर शौचाला व्हावं लागतं. तसं झालं नाही तर आतड्यातला अमोनिया रक्तात चढून मेंदूवर परिणाम करतो. गुरुजी प्रवासात, शाळेत पंचाईत होते म्हणून औषध चुकवत होते आणि हे डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. मामांनी त्यांना कुठल्या हॉटेलात संडास बरा आहे, एसटीपेक्षा रेल्वे का सोयीची, सकाळचा डोस किती वाजता घेतला की नऊपर्यंत माणूस मोकळा होतो, हे सगळं अगदी व्यापारी हिशेबाने सांगितलं. गुरुजी हसले. वहिनी मला नंतर म्हणाल्या की पाच-सहा महिन्यांत हसले ते त्या दिवशी.

पुणे की बेंगळुरू

नाव कुठे नोंदवायचं, हा प्रश्न सीमाभागात साधा नसतो. नोकरी कर्नाटक सरकारची, बिलांचे कागद बेंगळुरूच्या बाजूने सोपे पडणार. कर्नाटकात जीवसार्थकते ही संस्था अवयवांचं वाटप बघते, पुणे विभागात झेडटीसीसी हे विभागीय केंद्र. २०२३ मधे केंद्राने अधिवासाची अट काढून टाकायचं धोरण घेतलं, त्यामुळे कर्नाटकातला रुग्ण महाराष्ट्रात नाव नोंदवू शकतो. त्याच वर्षी महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकाने त्यावर आक्षेप घेतला. दोन सरकारांचं भांडण त्यांना लखलाभ. आमच्या लोकांना दोन्हीकडचे दाखले गोळा करावे लागतात, एवढं मात्र खरं.

गुरुजींचे नातेवाईक आठवडाभर कागदांवर चर्चा करत होते. मामांनी ती एका वाक्यात संपवली. “रातीचं दोनला फोन आला तर किती वाजता पोचतासा, तेवढं बघा. कागदं मागनं हुत्यात.” काढलेलं यकृत बर्फात फार काळ टिकत नाही, तासांचाच हिशेब असतो. बेळगावहून बेंगळुरू सुमारे ५०० किलोमीटर, पुणे ३४०. डॉक्टरांशी बोलून नाव पुण्याला घातलं. खानापूरच्या पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात मोबाईलला रेंज नसते, म्हणून गुरुजींनी बेळगावात टिळकवाडीला एक खोली भाड्याने घेतली. दोन ड्रायव्हर सांगून ठेवले, कारण एकाचा फोन बंद असू शकतो. एक पिशवी भरून दाराशी. हा सगळा बेत मामांचा.

वहिनी आणि मामी

खरं सांगायचं तर या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते दोन बायकांचं बोलणं. ते मी जुळवलेलं नव्हतं. पुरुष आत बसले, या दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून सुरू झालं.

वहिनी तोवर गुरुजींना मऊ भात आणि पेज घालत होत्या. “डाळ लिव्हरला जड, दूध बंद करा, अंड्याचं नाव नको” असं तिघा-चौघांनी सांगितलेलं. सिरोसिसच्या रुग्णाची प्रथिनं तोडणं ही जुनी समजूत. उलट त्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि रात्री झोपण्याआधी काहीतरी खाल्लं नाही तर उपाशी शरीर स्नायूच खायला लागतं. आहारतज्ज्ञांनी हे लिहून दिलं होतं, तो कागद डब्याखाली पडून होता. मामींनी वहिनींचा हात धरून स्वतःच्या दंडावर ठेवला आणि नवऱ्याचे दंड कसे काडीसारखे झाले होते, मग रात्री दहाला काय काय चारायला लागल्या, ते सांगितलं. गुरुजी शाकाहारी, तेव्हा घट्ट वरण, मूग, उसळी, ताक, पनीर. दुसऱ्या दिवसापासून ताटात डाळ आली. कागदाने जे झालं नव्हतं ते दंडाला हात लावल्यावर झालं.

मिठाचं तसंच. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, हे ऐकून वहिनींनी भाजीतलं मीठ कमी केलं होतं. पापड, लोणचं, शेंगदाण्याची चटणी मात्र ताटात होतीच. “वरचं मीठ तेवढं मीठ, असं वाटायचं मला पण,” मामी म्हणाल्या.

पण मामींनी शिकवलेली मोठी गोष्ट वेगळीच. अमोनिया चढायला लागला की माणूस आधी किंचित बदलतो: दिवसा झोप, रात्री जाग, चिडचिड, बोलताना शब्द न सापडणं. घरच्यांना वाटतं थकलेत. मामी म्हणाल्या, “रोज सकाळी एक ओळ लिहून घे. तारीख आणि एक ओळ. वही ठेव.” गुरुजींचं अक्षर म्हणजे तालुक्यात नावाजलेलं, बोर्डावरचं सुविचार लेखन बघायला अधिकारी यायचे. वहिनींनी मुलाची दुरेघी वही घेतली. रोज चहाआधी तारीख आणि तुकोबांच्या अभंगाची एक ओळ. ती वही मी बघितली आहे. जूनच्या अखेरीपर्यंत अक्षर सरळ, रेघेत. मग एका मंगळवारी ओळ उजवीकडे उतरलेली, वेलांट्या सुटलेल्या, तारखेत महिना चुकलेला. गुरुजी म्हणत होते, मी ठीक आहे, शाळेला उशीर होतोय. शाळेला तर त्या दिवशी सुट्टी होती. वहिनींनी ड्रायव्हरला फोन केला आणि दुपारपर्यंत त्यांना भरती केलं. दोन दिवस बद्धकोष्ठ झालं होतं, तेवढं निमित्त. वेळेत नेलं म्हणून वाढलं नाही.

हस्ताक्षरावरून ही गुंगी ओळखता येते हे डॉक्टरांना माहीत असतं. पण आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बघणाऱ्याला ते दिसणार कसं? ते दिसतं घरात, आणि घरातलं माणूस ते शिकतं दुसऱ्या घराकडून.

मोकळी परतलेली गाडी

जुलैच्या धो धो पावसात फोन आला. रात्री अकराला निघाले, पहाटे पुण्यात. रक्त काढलं, छातीचा एक्स-रे झाला, उपाशी ठेवलं, अंगावर हिरवा गाऊन चढला. साडेनऊला सर्जनांनी येऊन सांगितलं की दात्याचं यकृत प्रत्यक्ष बघितल्यावर फार चरबीचं निघालं, बसवता येणार नाही. घरी जा.

याची कल्पना रुग्णालयात दिलेली असते. कधी यकृत बाद होतं, कधी राखीव म्हणून दुसऱ्या रुग्णालाही बोलावलेलं असतं आणि पहिल्यालाच ते बसतं. कल्पना असणं आणि गाऊन उतरवून परत सदरा घालणं यांत फार फरक आहे. गाडीत कुणी बोलत नव्हतं. साताऱ्याच्या पुढे वहिनींनी मामींना फोन लावला आणि नुसत्या रडल्या.

कोल्हापूर ओलांडून गाडी निपाणीजवळ आली तर हायवेच्या कडेला, छत्री धरून, मामा-मामी उभे. डब्यात बिनमिठाची मुगाची खिचडी, वर पिळायला लिंबू. गाडीतच बसून गुरुजी जेवले. मामा दार उघडं धरून पावसात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “माझ्या शेजारच्या खाटेवरचा दोनदा माघारी गेल्ता. तिसऱ्यांदा झालं. फोन आला म्हंजे यादीत आपलं नाव वर हाय, तेवढं धरून चला.” पुढच्या वेळी निराशा होणार नाही असलं काही ते बोलले नाहीत. मला ते फार आवडलं.

याच दिवसांत गुरुजी त्यांच्याशी एक गोष्ट बोलले, जी मला किंवा वहिनींना त्यांनी सांगितली नव्हती. फोन वाजला की आनंद होतो, म्हणजे कुठेतरी कुणीतरी जावं याची आपण वाट बघतो का? माळकऱ्याला हे फार खात होतं. मामांना मामींचं यकृत मिळालेलं, त्यांच्याकडे याचं तयार उत्तर नव्हतं. ते मला फोन करून म्हणाले, “बाई, ह्ये माझ्या आवाक्याबाहेरचं हाय.” मी गुरुजींची गाठ पुण्याच्या प्रत्यारोपण समन्वयकांशी घालून दिली. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ असतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते, आणि १९९४ च्या कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत हे लिहून ठेवलेलं आहे. यादीतल्या रुग्णाचा, त्याच्या वाट बघण्याचा त्या मृत्यूशी काडीचा संबंध नसतो. हे एका जाणत्या माणसाने क्रमाने समजावल्यावर गुरुजींना बरं वाटलं. आपल्याला काय झेपत नाही हे मामांनी ओळखलं, ही सोबत देणाऱ्याची मोठी गुणवत्ता.

काढा

मधेच एक पाहुणे गुळवेलीचा काढा घेऊन आले. करोनाच्या काळात घराघरांत गुळवेल उकळली गेली; तिच्याने काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मधे नोंदवलं आहे. सोबत देणाऱ्यांना माझी एकच अट असते: स्वतःला काय झालं ते मोकळेपणाने सांगा, दुसऱ्याने काय घ्यावं-सोडावं ते सांगू नका. मामांनी ती पाळली. “मी बी असलंच कायबाय पित हुतो, तवा डॉक्टर लई रागावल्तं. तुमच्या डॉक्टरांस्नी इचारा.” डॉक्टरांनी काढा बंद केला.

हुक्केरीकडची बातमी

डिसेंबरात हुक्केरी तालुक्यातला एक तरुण रुग्ण यादीत असतानाच गेला. मामा त्याच्याशीही रोज बोलत होते. त्यानंतर मामांचा फोन बंद. दोन-तीन आठवडे ते कुणाशीच बोलले नाहीत, दुकानातही बसत नव्हते.

गुरुजींना काय सांगायचं? घरच्यांचं म्हणणं, सांगू नका, खचतील. मला ते पटलं नाही. मामा अचानक का बोलेनासे झाले, याचा गुरुजी स्वतःच काहीतरी अर्थ लावणार आणि तो खऱ्यापेक्षा भयंकर असणार. मी जाऊन सरळ सांगितलं. गुरुजी गप्प झाले, मग विचारलं, “मामांकडं कोण आहे आता?” त्यांनीच निपाणीला फोन लावला. मामींनी उचलला. पुढचे काही दिवस गुरुजी रोज संध्याकाळी फोन करायचे आणि मामा बोलले नाहीत तर मामींशी दोन शब्द बोलून ठेवायचे. एक दिवस मामा बोलले.

या अनुभवानंतर एका सोबत्याकडे मी एका वेळी दोनपेक्षा जास्त रुग्ण देत नाही, आणि सोबत्यालाही कुणीतरी विचारपूस करणारं असेल असं बघते. आपल्याकडे असा माणूस मिळाला की सगळे त्याच्यावरच पडतात. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, पार बेळगावपर्यंत कुणाचंही लिव्हर बिघडलं की “मामांना फोन लाव”. तो माणूसही रोज गोळ्या घेऊन जगतोय, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

प्रत्यारोपण आणि नंतर

फेब्रुवारीत फोन आला तेव्हा मेल्ड २६ वर गेला होता. या वेळी यकृत चांगलं निघालं. शस्त्रक्रिया झाली, काही दिवस अतिदक्षता विभागात, मग वॉर्ड, मग पुण्यातच भाड्याच्या खोलीत मुक्काम. हा भाग डॉक्टरांचा, तो त्यांनी नीट पार पाडला.

बेळगावला परत आल्यावर पहिलं संकट पाहुण्यांचं. आजाऱ्याला बघायला जाणं हा आपल्याकडे धर्म, आणि न गेलं तर मन दुखावतं. नवीन यकृत शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टेरॉइड चालू असतात. त्यांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असते आणि पहिले काही महिने जंतुसंसर्गाची भीती सगळ्यात मोठी. गाव ट्रॅक्टर भरून येणार होतं. नको म्हणायचं कुणी? मामींनी आपल्या घरची युक्ती सांगितली. खोलीच्या खिडकीबाहेर दोन खुर्च्या ठेवा, पाहुण्यांना चहा तिथेच द्या, गुरुजी आतून बोलतील. एकदा गावच्या पंचांना असं बसवलं की बाकीचे आपोआप बसतात. तसंच झालं.

सुमारे तिसऱ्या महिन्यात गुरुजी पार कोमेजले. रिपोर्ट चांगले, कावीळ उतरलेली, सगळे म्हणत होते आता काय, जिंकलात! आणि गुरुजी रात्रभर जागे. लहानशा गोष्टीवरून मुलावर ओरडायचे, मग रडायचे. स्टेरॉइडने झोप आणि मूड बिघडतो, हा एक भाग. पण वाट बघण्यात जे दिवस भरून गेलेले असतात ते अचानक रिकामे होतात, आणि आता तक्रार करायची सोय राहत नाही, कारण मिळालेलं आयुष्य उसनं आहे असं वाटत असतं. लोकांचा धीरही या वेळेपर्यंत संपलेला असतो, ते आपापल्या कामाला लागतात. या टप्प्याला सोबत लागते हे घरच्यांना सांगूनही पटत नाही. मामा मात्र याच महिन्यात जास्त यायला लागले. येऊन शेजारी बसायचे, तंबाखूच्या दराचं बोलायचे. “माझ्याबी डोक्यात इस्कोट झाल्ता, तीन-चार म्हयनं,” एवढं एकदा म्हणाले. पुण्याच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, तेव्हा गुरुजी जायला तयार झाले कारण मामाही जाऊन आले होते.

जूनमधे शाळा. खडू धरताना हात थोडा थरथरायचा. भाद्रपदात थरथर एकदम वाढली, बोर्डावरचं अक्षर हललं. वहिनींच्या पोटात गोळा आला, कारण अक्षर बिघडण्याचा अर्थ त्यांच्या मनात पक्का बसला होता. आजार उलटला! त्यांनी निपाणीला फोन केला. मामांनी व्हिडिओवर चहाचा कप धरलेला आपला हात दाखवला, तोही हलत होता. “गोळीनं हलतोय. पर माझं ऐकून बसू नका, लेव्हल बघा.” टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी बघायची तर सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यावं लागतं, नाहीतर आकडा फसवतो. बेळगावातून नमुना गेला, पातळी बरीच वर निघाली.

कारण समन्वयकांनी विचारत विचारत शोधलं. गणपतीच्या माटोळीला, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीला, बांधलेली पपनसं! विसर्जनानंतर घरात तीन-चार होती, गुरुजींना आवडतात, रोज अर्धं खात होते. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळं टॅक्रोलिमसची पातळी चढवतात. रुग्णालयाच्या कागदावर ग्रेपफ्रूट लिहिलेलं होतं; ते फळ खानापुरात कुणी बघितलेलं नाही. मामांनाही पपनसाचं माहीत नव्हतं. दोघांनी ते कायमचं सोडलं, डॉक्टरांनी डोस बघितला, थरथर उतरली. रुग्णांना द्यायच्या आमच्या मराठी पत्रकात आता पहिल्याच ओळीत पपनस आहे.

त्या महिन्यातल्या सर्वपित्रीला गुरुजींनी एक पान वेगळं वाढलं. दात्याचं नाव-गाव सांगत नाहीत, आणि त्यांनी विचारलंही नाही.

काय कमी पडलं

मामींसाठी आमच्याकडे कुणी नव्हतं. त्या सगळ्यांना दात्या म्हणून, सांभाळणारी म्हणून सांगत राहिल्या. त्यांच्या पोटावरच्या व्रणाबद्दल त्यांना विचारणारं माणूस आम्ही शोधलं नाही, कारण या भागात दुसरी दाती माझ्या माहितीत नव्हती. यकृताचा दिलेला भाग काही महिन्यांत भरून येतो, हे सगळे दात्याला सांगतात आणि विषय संपवतात. मामींना वाकताना अजून ओढल्यासारखं होतं. स्त्री दाती असेल तर तिची संमती तिची स्वतःची आहे याची जास्त काळजी घ्यावी, असं २०१४ च्या नियमांत आहे. ती काळजी शस्त्रक्रियेआधीची. नंतरचं कोण बघणार?

दुसरं, घटप्रभेकडच्या कन्नड घरांना मामांचं मराठी पुरत नाही. तिथे आता गुरुजी बोलतात. त्यांनी आधी नकार दिला होता: मला अजून वर्षही झालं नाही, मी काय सांगणार? मी म्हटलं, म्हणूनच. त्यांना एकच रुग्ण दिला आहे, गोकाकचा, दारूने लिव्हर गेलेला. पहिल्या फोनला गुरुजींनी कन्नडात काय विचारलं असेल ते वाचकांनी ओळखलं असेलच. त्या घरातल्या बाईंनी वहिनींना वेगळा फोन केला, आणि ऑपरेशनबद्दल एक शब्द न काढता विचारलं की रात्री-अपरात्री पुण्याला येईल असा ड्रायव्हर कोण आहे. वहिनींनी दोन नंबर दिले, आणि दुसरा आधी उचलतो हेही सांगितलं.